जास्तीचा चौथरा

आमच्या नगरपालिकेत दर दोन वर्षांनी आधुनिक कलेचं प्रदर्शन भरतं. शिल्पं ठेवायचे लाकडी चौथरे मी बनवतो, बाकीची व्यवस्था वहिनी बघते. पहिल्याच वर्षी माझा हिशोब चुकला आणि एक चौथरा जास्त झाला.

"राहू दे भाऊजी कोपऱ्यात," वहिनी म्हणाली. "लोक त्यालाही कला समजतील."

लोक समजलेही. पण दिवे लावल्यावर भिंतीवर त्या रिकाम्या चौथऱ्याची सावली पडली, आणि तिच्यात वर कुणीतरी गुडघे पोटाशी घेऊन बसलेलं होतं.

पुढच्या प्रदर्शनात ते गुडघ्यांवर आलं होतं. त्याच्या पुढच्या खेपेला उभं राहिलं, तेव्हा डोकं छताला टेकलं. वहिनीने दिवे फिरवून पाहिले. सावली जागची हलली नाही. आम्ही कुणाजवळ बोललो नाही. फक्त तो चौथरा मी दर वेळी सगळ्यांच्या आधी रंगवू लागलो.

यंदा उद्घाटनाला दिवे लागले, आणि भिंतीवर नुसत्या चौथऱ्याचीच सावली पडली.

"गेलं वाटतं," वहिनी हळूच म्हणाली. घरचं माणूस न सांगता निघून जावं तसं मला झालं.

मग दार उघडलं. माणसं बडबडत आत आली आणि मध्यावर येऊन गप्प झाली. कुणी काही न सांगता सगळे दोन्ही बाजूंना सरकले, मध्ये रुंद वाट सोडून. एकेकाची मान वर जाऊ लागली.

वहिनीने माझा हात घट्ट धरला. सावली आमच्या पायांवर चढत होती, आणि ती उबदार होती.