कोठारावरचा छापा

मी शिशाचे सहा घोडेस्वार अच्युतच्या जेवणाच्या ट्रेवर पसरलेल्या नकाशातल्या नदीपाशी उभे केले. हॉस्पिटलच्या पलंगावर बसून तो त्यांच्याकडे नुसता बघत होता. मेंदूच्या ऑपरेशननंतर तो स्वतःच्या मुलीला, रेवतीला, सुमन म्हणत होता. सुमन त्याची बहीण. डॉक्टर म्हणाले होते, ओळखीचं काहीतरी दाखवत राहा.

आमच्या ओळखीचं म्हणजे हा खेळ. अठराव्या शतकातली दोन संस्थानं आम्हीच मनानं रचली आणि कॉलेजपासून त्यांचं युद्ध चालू ठेवलं.

"तुझ्या धान्याच्या कोठारावर छापा घालतोय," मी म्हणालो. "राखणीला आहे का कुणी?"

त्यानं नदीपलीकडच्या चिंचेच्या बनावर बोट ठेवलं.

"तोफा आहेत इथे. पुढे आलास की संपलास."

नकाशावर तिथे एकही तोफ मांडलेली नव्हती. लपवलेल्या तोफा आम्ही एकमेकांना कधीच सांगत नाही. मला वाटलं, बरळतोय. मी पलंगाच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या रेवतीकडे पाहिलं.

"आहेत, काका," ती कशीबशी म्हणाली. "ऑपरेशनला नेताना बाबांनी माझ्या कानात सांगितलं होतं."

मी सगळे घोडेस्वार आडवे केले. रेवतीनं ओढणीत तोंड लपवलं.

अच्युतनं वैतागून तिच्याकडे पाहिलं.

"रेवती, तू कशाला रडतेस? हरलाय तर हा."