घमेल्यावरच्या गारा

पहिल्या महाराष्ट्र दिनाच्या सव्वीस मैलांच्या शर्यतीत तुळशीराम सगळ्यांच्या पुढे होता, आणि देऊळघाटजवळ गारपीट सुरू झाली. मागचे गडी झाडांखाली शिरले. रस्त्यालगतच्या मळ्यात त्याची बायको सोजरा वांगी तोडत होती. तिनं घमेल्यातली वांगी भुईवर ओतली आणि धावत येऊन घमेलं त्याच्या डोक्यावर उपडं घातलं. “पळा, पयल्या नंबराले सायकल हाय.” “अन् तू?” “मी बैलगाडीखाली बसतो.” तो पळाला. लोखंडावरची टणटण लांब जात विरली. सोजरा बांधाला टेकून डोक्यावर हात धरून बसली. गारा बोटं सोलून काढत होत्या, पण मनानं ती केव्हाच सायकलवर त्याच्यामागं डबलसीट बसून निघाली होती. मग टणटण पुन्हा ऐकू आली, जवळ येत गेली. “काऊन फिरले तुम्ही?” त्यानं घमेलं तिच्या डोक्यावर ठेवलं. “गाडी तं सकायीच बजाराले गेली.”