गिरणी धुतली होतीस का?

"गिरणी धुतली होतीस का?" सरांनी विचारलं, आणि मुंगीच्या तोंडचं पाणी पळालं.

मुंगी हे तिचं भूशास्त्र विभागातलं नाव. वाळूहून बारीक स्फटिक सुईच्या टोकानं एकेक टिपत बसायची, म्हणून पडलेलं. गिरणी म्हणजे दगड दळायचं यंत्र. आणि सर म्हणजे तिचे मार्गदर्शक, नाकावर माशी बसू न देणारे.

ते अभ्यासत होते त्या पर्वतरांगेत दोन ग्रॅनाइट. करडा शंभर कोटी वर्षांचा, गुलाबी तीस कोटींचा. दोघांचा काडीचा संबंध नाही, गुलाबी थेट पाताळातून वर आला, हे सरांनी तरुणपणी ठासून मांडलेलं. प्रयोगशाळेच्या कपाटातसुद्धा करडा वरच्या फळीवर आणि गुलाबी पार तळाशी, असे त्यांनीच ठेवलेले. मुंगीचा प्रबंध म्हणत होता, गुलाबी म्हणजे खोल जमिनीत वितळून पुन्हा घट्ट झालेला करडाच. आज सरांनी सही केली तर प्रबंध पुढे जाणार. नाहीतर सगळ्या कष्टांवर पाणी.

"गुलाबीत शंभर कोटींचे कण सापडले म्हणतेस," सर म्हणाले. "सापडणारच. त्याच गिरणीत आधी करडा दळलास. मिरचीवर साखर दळली की साखर तिखट लागते. यात शोध कसला?"

धुतली होती म्हणाली असती तर प्रश्न तिथेच मिटला असता. पण तिला खोटं कधी जमलंच नाही.

"नुसती झाडली होती, सर. धुतली नव्हती."

गिरणी सांभाळणारे काका दारात उभे होते. त्यांनी कपाळाला हात लावला. "आली हरिश्चंद्राची नात," ते पुटपुटले.

सरांनी प्रबंध मिटला.

"म्हणूनच सुटा जुना कण मी एकही धरला नाही," मुंगी म्हणाली. "सगळे वगळले. फक्त हे घेतले. एकदा बघा तरी."

तिनं संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. गुलाबी ग्रॅनाइटमधला एक स्फटिक, मधोमध कापून घासलेला. आत काळपट गाभा, भोवती पांढरी साल. गाभा शंभर कोटींचा, साल तीस कोटींची.

"गिरणीतून कणाशेजारी कण येईल, सर. कणाच्या पोटात कण कसा जाईल?"

सरांनी चष्मा पुसला. दुसरा स्फटिक बघितला, मग तिसरा. मग पहिल्यावर परत आले. खोड काढायची तर कुठून काढायची, हे शोधत राहिले. सापडेना. काका दारातून हळूच आत सरकले, आणि मुंगीला कळलं की आपण जिंकलोय.

"पेन दे," सर म्हणाले.

ती पेन शोधू लागली. खिशात, पिशवीत, कागदांखाली, कुठेच मिळेना. तोवर सर उठून कपाटाशी गेले होते. गुडघे धरत खाली वाकले आणि तळाच्या फळीवरचा गुलाबी दगड त्यांनी दोन्ही हातांनी बाहेर काढला. चांगला जड होता. काका लगबगीनं पुढे झाले.

"राहू दे," सर म्हणाले. "खाली मी ठेवला होता. वरही मीच ठेवतो."