सहाव्या प्लेटवरची मुलगी

शुभदाने प्लेट उलटी केली. तळाशी हिरव्या पानाचा शिक्का आणि त्याखाली 'निप्पॉन'. एकोणीसशे एकवीसनंतरच्या मालावर 'जपान' लिहू लागले. म्हणजे ही त्याआधीची. तिने नख फिरवून पाहिलं. सोनेरी नक्षी बोटाला उंच लागत होती. भिंगाखाली छपाईचे ठिपके नव्हते, कुंचल्याचे फराटे होते.

मळवलीचा हा बंगला विकायला काढला होता. मालकीणबाई प्रेरणा मुंबईला. कपाटातल्या जुन्या चिनीमातीच्या प्लेटा खऱ्या आहेत का, कधीच्या आहेत, ते पाहायला तिने शुभदाला पाठवलं होतं. बंगला सांभाळणाऱ्या नंदाबाई दाराशी उभ्या होत्या. आत येत नव्हत्या.

सगळ्या प्लेटांवर एकच चित्र : तळं, झोपडी, मोकळा काठ. सहाव्या प्लेटवर मात्र एक मुलगी होती. गुडघाभर पाण्यात, पाठमोरी, हातात चपला.

शुभदाने मोबाइलवर प्रेरणाच्या वडिलांनी पूर्वी काढलेला फोटो उघडला. त्यात सहाही प्लेटांवरचा काठ मोकळाच होता.

"नंतर कुणीतरी रंगवलीय," ती म्हणाली. "भट्टीत भाजलेला रंग नसेल, तर निघून येईल." तिने कापसावर ॲसिटोन घेतलं.

"नगा रगडू, ताई." नंदाबाई आत आल्या. "लागंल तिला."

"कुणाला?"

"माज्या सारिकाला. गेल्या साली धरणात गेली. चपला हातात घिऊन उतरलीवती. पोरगी सापडली, चपला कुटंच न्हाई घावल्या." त्या प्लेटकडे न बघता बोलत होत्या. "दहाव्याच्या दुसऱ्या दिशी कपाट पुसाया आले, तर ही हितं."

"कापूस नुसता टेकवते, मावशी," शुभदा हळूच म्हणाली.

कापूस पांढराच निघाला.

तिने भिंग लावलं. वर्षानुवर्षांच्या सुऱ्या-काट्यांचे बारीक ओरखडे सगळ्या चित्रावर होते. ते मुलीच्या पाठीवरूनही गेले होते. तिचा रंगही झिजला होता, तळ्याचा झिजला होता तितकाच. तिने तो फोटो पुन्हा मोठा करून पाहिला. कोपऱ्यातला टवका तोच, प्लेट तीच. काठ मोकळा.

शुभदाने हात मागे घेतला.

फोन वाजला. प्रेरणा होती. "झालं का बघून? सगळ्या जुन्या आहेत ना?"

"पाच आहेत."

"आणि सहावी?"

शुभदाने नंदाबाईंकडे पाहिलं. "ती या सेटमधली नाही. इथेच राहू दे."

पाच प्लेटा तिने कागदात गुंडाळून खोक्यात भरल्या. सहावी दोन्ही हातांनी उचलून नंदाबाईंना दिली. त्यांनी ती पदराखाली, छातीशी धरली.

"कवाची म्हनायची ही?" त्यांनी विचारलं.

"शंभर वर्षं तरी झाली असतील, मावशी. चित्रासकट."

नंदाबाईंनी मान हलवली.

"न्हाई ताई. तिला एकोनिसावं सरत आलंतं."