आजची भवानी

वर्सोव्याच्या मासळी बाजारात नाक दाबून उभ्या असलेल्या एका शेठने माझ्या युगांडाच्या रूममेटला, ओकेलोला, सुनावलं, “ए कालू, लांब हो. वास मारतोस.”

ओकेलोने आधी स्वतःची बाही हुंगली, मग टोपली. “काका, बोंबील आहेत ते.”

मी मान खाली घालून बोंबील बघत राहिलो.

चाळीस वर्षांत दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक कधीच न परतवलेल्या कोळीण मंजुळामावशीने शेठची पुढे आलेली नोट त्याच्याच हातात कोंबली. “नीघ. तुझी भवानी नको मला.”

बाजारातले सगळे कोयते हवेत थांबले.

मी घाईघाईने माझी नोट पुढे केली.

“तू मित्र ना रे त्याचा? मग मघाशी तोंडात काय पापलेट होतं? तुझीपण नको.”

आणि ओकेलोची नोट तिने कपाळाला लावली.