कंसातलं प्रश्नचिन्ह

"हातमोजे वस्तूला जपायला नाहीत, तुम्हाला जपायला आहेत," लॅबच्या बाई म्हणाल्या आणि त्यांनी मोज्यांचा खोका टेबलावरून फिरवला. "जुन्या काळी कीड लागू नये म्हणून संग्रहालयांत लाकडाला सोमल चोपडायचे. सोमल म्हणजे आर्सेनिक. ते अजून तिथेच आहे. म्हणून या संग्रहालयातून तुमच्या गावी परत न्यायची प्रत्येक वस्तू आधी तपासायची."

आदिवासी संग्रहालयं आणि ग्रंथालयं सांभाळणाऱ्यांच्या प्रशिक्षणाचा तो चौथा दिवस होता. शिकायला आलेल्या बावीस जणांत सगळ्यात लहान संग्रहालय टेबलाच्या टोकाला बसलेल्या तरुणीचं होतं, दोन खोल्यांचं. त्यामुळे पहिल्याच दिवशी तिचं नाव पडलं, दोनखोली. तिने ते हसून घेतलं.

तिच्या ओळखपत्राचा एक कोपरा चावून मऊ झाला होता.

"तुमच्याकडे उंदीर आहेत वाटतं," शेजारचा ग्रंथपाल म्हणाला.

"एकच आहे. आठ महिन्यांची. बाहेर आत्याआजीच्या मांडीवर बसून घसा फोडतेय."

दारापलीकडून ते ऐकू येतच होतं.

दोघांच्या जोडीला आलेली वस्तू क्रमांक ४१७ हीच तिच्या येण्याचं कारण होती. अंगठ्याएवढी जाड, वीतभर लांब लाकडी काठी, एका टोकाला दोरा ओवायचं भोक. ऐंशी वर्षांपूर्वी एका अधिकाऱ्याने तिच्या आजोबांच्या घरातल्या वस्तूंचं बोचकं बांधून नेलं होतं. त्यातली एवढी एकच उरली होती. उद्या समारोपात ती परत मिळणार होती.

जुन्या कार्डावर लिहिलं होतं: काठी, पूजेची (?).

"पूजेची कशावरून?" ग्रंथपालाने विचारलं.

"कळलं नाही की पूजेची लिहितात. आमची अर्धी भांडी इथे पूजेची आहेत."

आत्याआजी आजोबांची थोरली बहीण. वय अठ्ठ्याऐंशी, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. दोनखोलीने तिला काठीचा फोटो दाखवला होता, तर ती वैतागली. "फोटो काय नाचवतेस? मला आता बोटांनी दिसतं. हातात दे, मग सांगते."

दोनखोलीने काठी मोजली. एका बाजूला एकतीस बारीक खाचा होत्या, दोन-दोन, तीन-तीनच्या पुंजक्यांत. सगळ्यात रुंद चार मिलिमीटरची. नोंदीच्या तक्त्यात तिने लिहिलं: नक्षी. थोडा विचार करून तिनेही पुढे कंसात प्रश्नचिन्ह टाकलं.

मग ओला कापूस काठीवरून फिरवला, तपासणीच्या रसायनाच्या बाटलीत टाकला, झाकणात कागदाची पट्टी अडकवली. वीस मिनिटं थांबायचं होतं. ग्रंथपाल जेवायला गेला, येताना चहा आणतो म्हणाला.

सातव्या मिनिटाला पट्टी पिवळी झाली. बाराव्याला तपकिरी.

तपकिरी पट्टीचा अर्थ बाईंनी सकाळीच सांगितला होता: सोमल भरपूर. वस्तू हवाबंद पेटीत, मग समिती, मग सफाई. कमीत कमी चार वर्षं. आत्याआजीला डॉक्टरांनी एक वर्षसुद्धा दिलं नव्हतं.

दोनखोलीने हिशेब मांडला. आत्याआजी काठी दोन मिनिटं हातात धरणार. मग साबणाने हात धुणार. मग काठी काचेच्या कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली आपल्याकडे. दोन मिनिटांत कातडीतून असं किती जाणार?

तिने नवा कापूस नुसत्या पाण्यात बुडवला. काठीला लावलाच नाही. वीस मिनिटांनी दुसरी पट्टी पांढरीशुभ्र होती. पहिली तिने उलट्या केलेल्या मोज्यात गुंडाळून कचऱ्यात टाकली आणि हातात नवे मोजे चढवले.

"स्वच्छ?" बाईंनी पट्टी उजेडात धरली. "नशीबवान आहात. त्या कपाटातल्या दहांतल्या नऊ विषारी निघतात." आणि त्यांनी सही केली.

ग्रंथपाल चहा घेऊन आला. "स्वच्छ ना? मग काढा की मोजे. आजोबांची वस्तू आहे, नीट हात लावा."

"राहू दे," ती म्हणाली. "सवय होऊ दे."

दुसऱ्या दिवशी सभागृह भरलं होतं. आत्याआजी पहिल्या रांगेत, मांडीवर बाळ. बाळाचं झबलं लाळेने भिजलेलं आणि सूर सकाळपासून तोच.

"काठी दोन मिनिटं धर, मग मला दे," दोनखोलीने तिला बजावलं. "आणि लगेच हात धुवायचे."

"माझ्याच घरची वस्तू, आणि हात मी धुऊ?"

"इथला नियम आहे, आत्याआजी."

"यांचे नियम! नेताना धुतले होते का त्यांनी हात?"

संचालकांनी काठी आत्याआजीच्या हातात ठेवली. टाळ्या झाल्या. मग त्यांनी दोनखोलीला मंचावरच्या टेबलाशी बोलावलं. करारनाम्याच्या तीन प्रती, प्रत्येकीवर दोन सह्या. ती सभागृहाकडे पाठ करून सह्या करू लागली. संचालक माईकवर बोलत होते, बाळ त्यांच्यावर आवाज चढवत होतं.

चौथ्या सहीला रडणं एकदम थांबलं.

"बघा," संचालक म्हणाले, "सगळ्यात धाकट्या वारसालाही पटलं."

सभागृह हसलं. दोनखोलीही हसली. तिने पाचवी सही केली.

"पूजेची म्हणे!" मागून आत्याआजीचा खणखणीत आवाज आला. "अगं, या खाचा म्हणजे तुझ्या आजोबांचे दात. हिरड्या शिवशिवल्या की आई हीच काठी तोंडात द्यायची. बघ, तुझी लेक कशी मिटक्या मारत चघळतेय."