मोठा आवाज

नालवाडीतल्या त्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं, दुकान बंद करून घरी आला की कैलासला टीव्ही मोठ्या आवाजात लागतो.

आज आल्याबरोबर त्याने दाराला आतून कडी घातली, खिडकी लावली आणि रिमोट दाबला. टीव्ही लागला नाही. त्याने रिमोट तळहातावर आपटला, सेल काढून पुन्हा बसवले, बोर्डाचं बटण खटाखट दाबून पाहिलं. त्याच बोर्डावरचा पंखा मात्र गरगर फिरत होता.

"काऊन चालू होऊन नाई राह्यला हा?"

"मले नाई माहीत," स्वयंपाकघराच्या दारातून त्याची बायको रीता म्हणाली आणि तिने पदर दंडावर ओढून घेतला.

पलंगावर त्याची आई, मनकर्णाबाई, खाली मान घालून अडकित्त्याने सुपारी कातरत होत्या.

कैलासने टीव्ही स्टँडसकट पुढे ओढला आणि मागे वाकून पाहिलं. वायर तुटलेली नव्हती, सरळ कापलेली होती. तो ताडकन उठला आणि त्याने रीताचा दंड धरला.

"सोड तिले. मी कापली," मनकर्णाबाई म्हणाल्या. "आता मार. टीव्ही नाई, तं तिचं रडणं साऱ्या गल्लीले ऐकू जाऊ दे."

कैलासचा हात सैल पडला. मनकर्णाबाईंनी अडकित्ता मिटला.



"तुया बापाच्या रेडिओची वायर कापाची हिंमत मले तवा झाली नाई."